दागिन्यांच्या बखरी

अलीकडे आपल्या वाङ्मयांत एका लहानशा प्रकाराची भर पडत आहे, आणि टीकाकारांचें लक्ष त्याकडे अद्याप पुरेसें गेलेलें नाहीं. घरांतील जुन्या वस्तूंच्या, त्यांतही विशेषेंकरून पिढीजात दागिन्यांच्या, हकीकती लिहून काढण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांत वाढूं लागली आहे. आजीची नथ, पणजीची ठुशी, आत्याबाईंच्या पाटल्या यांवर स्मरणिकांतून लेख येतात. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापक विद्यार्थ्यांस घरांतील एखाद्या जुन्या दागिन्याची कथा लिहून आणावयास सांगतात. आणि एरव्हीं दहा ओळी लिहितांना कंटाळणारा विद्यार्थी या विषयावर चार पानें आनंदानें लिहितो.

हा उपक्रम चांगला आहे यांत शंका नाहीं. राज्यांच्या व लढायांच्या इतिहासांत ज्यांना जागा मिळाली नाहीं अशा माणसांचा, आणि मुख्यतः स्त्रियांचा, इतिहास अशा वस्तूंवरून हातीं लागण्याचा संभव असतो. आंचल मल्होत्रा यांचें 'रेम्नंट्स ऑफ अ सेपरेशन' हें इंग्रजी पुस्तक २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. १९४७ च्या फाळणींत सीमा ओलांडतांना लोकांनीं जवळ बाळगलेल्या वस्तू हा त्याचा विषय. तागडींत घातल्यास ज्यांची किंमत फारशी भरणार नाहीं अशा वस्तूंवरून एवढ्या मोठ्या उत्पाताची हकीकत कशी उलगडतां येते, याचा तो उत्तम नमुना होय. परंतु कोणताही वाङ्मयप्रकार रूढ झाला कीं त्याचे सांचेही रूढ होतात, आणि मग सांचा सत्याच्या आड येऊं लागतो. आपल्याकडील दागिन्यांच्या हकीकतींचें तसें होऊं लागलें आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे असे लेख आम्ही बरींच वर्षें वाचीत आलों आहों. त्यांचा आराखडा बहुधा एकच असतो. प्रथम दागिन्याचें वर्णन. नंतर तो ज्या पूर्वजानें घडविला त्याचें कर्तृत्व, त्याची सावकारी, वतन किंवा नोकरी. नंतर तो सासूकडून सुनेकडे कसा आला याची परंपरा. आणि अखेरीस हें नुसतें सोनें नसून घराण्याचा वारसा आहे अशा अर्थाचें एक वाक्य. आपल्या जुन्या बखरींशीं या लेखांचें साम्य सहज ध्यानांत येईल. बखर बहुधा धन्याच्या किंवा त्याच्या वंशजांच्या आज्ञेवरून लिहिली जाई. त्यामुळें धन्याचा पराक्रम तींत ठळक आणि पराभव पुसट. दागिन्याच्या बखरींत धनी म्हणजे घराणें. दागिना घरांत आला कसा याचें वर्णन तींत विस्तारानें येतें. घरांतून जे दागिने गेले त्यांची वासलात एका वाक्यांत लागते.

वास्तविक दागिना स्वतःही कांहीं साक्ष देत असतो, आणि ती घराण्याच्या सांगण्याशीं नेहमींच जुळते असें नाहीं. बोरमाळेचे मणी आंतून पोकळ असून त्यांत लाख भरलेली असते. त्यांतले चेपलेले किती, नव्यानें घातलेले किती, हें पाहून ती माळ रोजच्या वापरांतली कीं सणासुदीपुरती पेटींतून निघणारी याचा अंदाज जाणत्या सोनारास करतां येतो. पुतळ्यांच्या माळेचें उदाहरण याहून मौजेचें आहे. आज तिच्या चकत्यांवर लक्ष्मीची छाप असते. पण पूर्वीं व्हेनिस येथील सोन्याचें नाणें व्यापाराच्या वाटेनें आपल्याकडे येत असे, व त्यावरील मानवी आकृतींमुळें त्यास पुतळी म्हणत. त्याच्या एका अंगास सेंट मार्क या संतापुढें गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, आणि दुसऱ्या अंगास ख्रिस्ताची मूर्ति. हळदीकुंकवाच्या दिवशीं जी माळ मिरविली जाते तिच्या नांवांतच समुद्रापलीकडच्या एका ख्रिस्ती नगरराज्याची आठवण दडलेली आहे. परंतु तिच्या बखरींत व्हेनिसचें नांव आम्हांस कधीं आढळलें नाहीं.

काळाचा हिशेबही असाच. भारतीय मानक संस्थेनें सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची मोहोर उठविण्याची, म्हणजे हॉलमार्कची, पद्धत २००० सालीं सुरू केली. ज्या पाटलीच्या आंतल्या अंगास ही मोहोर आहे ती पणजीची असल्याचें सांगण्यांत आलें, तर ती बहुधा पुन्हां घडविलेली असते. पणजीचें सोनें तींत असेल; पणजीची पाटली मुशींत आटून गेली. तसेंच १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. ही मनाई १९६६ सालीं उठली. त्या तीन-साडेतीन वर्षांत लग्न झालेल्या मुलीचें सोनें कमी कसाचें निघालें, तर त्याचें कारण तिच्या बापाच्या चिक्कूपणांत न शोधतां आधीं कायद्यांत शोधावें. बखरींत मात्र कायद्यापेक्षां बापाला दोष देणें सोपें पडतें.

पण या चुका किरकोळ होत. खरा दोष भाषेंत दिसतो. 'पणजोबांनीं पणजीसाठीं गोठ घडविले' या वाक्यांत कर्ता आहे, कर्म आहे, प्रयोजन आहे. 'पुढें अडचणीच्या काळांत ते मोडावे लागले' या वाक्यांत कर्ता नाहीं. कोणीं मोडले? अडचण कोणाची? ज्या हातांतून ते उतरले त्या हाताच्या धनिणीला कोणीं विचारलें होतें काय? आपली भाषा या बाबतींत मुळांतच हळवी आहे. बांगडी फुटली असें न म्हणतां ती वाढली असें आपण म्हणतों. अशुभाचा उच्चार टाळण्याची ही रीत घरगुती बोलण्यांत शोभते; पण तीच लेखनांत शिरली म्हणजे जें जें गेलें तें सर्व वाढलेंच असा भास होऊं लागतो. एका विद्यार्थ्यानें आपल्या लेखांत असें लिहिलें होतें, कीं आजोबांच्या वकिलीच्या शिक्षणासाठीं आजीच्या पाटल्या आणि तोडे विकले गेले. त्या प्रसंगीं आजोबांना किती वाईट वाटलें याचें वर्णन दहा-बारा ओळींचें होतें. आजीला काय वाटलें याविषयीं एक ओळही नव्हती. इतकेंच नव्हे, तर सबंध लेखांत आजोबांचें नांव, उपनांव व पदवी हीं सर्व असून आजीचें नांव कोठेंही नव्हतें. लेख प्रांजळ होता, भाषा शुद्ध होती, आणि तरीही ज्या दागिन्यांची ती कथा, ते ज्या स्त्रीचे, तीच तींत नव्हती.

थोर लेखकांनीं दागिन्याकडे कसें पाहिलें आहे हें याच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. शूद्रकाचें 'मृच्छकटिक', जें मराठी रसिकांच्या ओळखीचें झालें तें मुख्यतः देवलांमुळें, तें एका अर्थीं दागिन्यांच्या फिरतीचेंच नाटक आहे. वसंतसेनेचे अलंकार ठेव म्हणून चारुदत्ताच्या घरीं जातात, शर्विलकाच्या चोरींतून पुन्हां तिच्याकडे येतात, लहानग्या रोहसेनाच्या मातीच्या गाड्यांत पडतात, आणि शेवटीं न्यायसभेंत विदूषकाच्या काखेंतून गळून पडून चारुदत्ताला वधस्थानापर्यंत नेतात. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा दागिना निराळाच आहे. ठेव चोरीस गेल्याचें कळतांच चारुदत्ताची पत्नी धूता आपल्या माहेरून मिळालेली रत्नावली काढून देते. उघडपणें दिली तर नवऱ्याचा अभिमान दुखावेल, म्हणून रत्नषष्ठीच्या व्रताचें दान असें निमित्त करून ती विदूषकाच्या हातीं ठेवते. रत्नावली कोणाची, कोठून आली, कोणत्या कारणासाठीं गेली, हें सर्व शूद्रकानें स्पष्ट नोंदलें आहे. आणि स्त्रीच्या द्रव्यावर आपली अब्रू राहिली याची चारुदत्ताला वाटलेली लाजही त्यानें झांकलेली नाहीं.

पुढें वसंतसेना ती रत्नावली परत पाठविते तेव्हां धूता ती घेत नाहीं. पतीनें तुम्हांस दिलेली वस्तु मी घेणें योग्य नव्हे, माझा खरा अलंकार तो स्वतः होय, असें तिचें उत्तर आहे. या उत्तराचें कौतुक आपण पातिव्रत्याचा आदर्श म्हणून करीत आलों. तें कौतुक खोटें नव्हे. पण तेवढ्यानें त्या उत्तराचा अर्थ संपत नाहीं. आपलीच वस्तु पतीच्या प्रेयसीच्या हातून भेटीसारखी स्वीकारणें एका मानी गृहिणीनें नाकारलें आहे, हाही अर्थ त्यांत आहे. दोन्ही अर्थ आपणांस लावतां येतात, याचें कारण नाटककारानें तिला बोलूं दिलें आहे. शाकुंतलांतही हेंच. अंगठीचा प्रसंग महाभारतांतील मूळ कथेंत नाहीं. तो नाटकांत आला. सातव्या अंकांत दुष्यंत ती अंगठी शकुंतलेला पुन्हां देऊं करतो, तेव्हां आपला तिच्यावर विश्वास राहिलेला नाहीं, ती राजानेंच घालावी, असें ती म्हणते. खुणेच्या दागिन्यावर भिस्त ठेवण्याचा परिणाम जिला भोगावा लागला, तिलाच कवीनें त्या दागिन्यावर शेवटचा अभिप्राय देऊं दिला आहे.

पाश्चात्त्य कथालेखकांपैकीं मोपासांची १८८४ सालची कंठ्याची कथा आपल्या वाचकांस परिचयाची आहे. उसना आणलेला कंठा हरवतो. कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकांचा नवा घेऊन तो परत केला जातो. दहा वर्षें नवराबायको तें कर्ज फेडीत राबतात. आणि मूळचा कंठा खोटा होता हें शेवटीं कळतें. पण घराण्याच्या अब्रूपायीं दागिन्याची कथा कशी बदलते, हें पाहावयाचें असेल तर हेन्री जेम्स या कादंबरीकाराची १८९९ मधील 'पेस्ट' ही कथा अधिक उपयोगी. मोपासांची कल्पना आपण उलटी करून घेतली असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. एका पाद्र्याची दुसरी बायको पूर्वाश्रमीची नटी. तिच्या मृत्यूनंतर तिचे रंगभूमीवरील खोटे दागिने सावत्र मुलगा एका गरीब नातलग मुलीस देऊन टाकतो. त्यांतील मोत्यांचा सर खरा निघतो. एका सामान्य नटीजवळ खरे मोती आले कोठून, हा प्रश्न त्या मुलास नको असतो. म्हणून ते खोटेच आहेत असा हट्ट तो धरतो. मुलगी प्रामाणिकपणें सर परत करते. आणि पुढें तेच मोती एका श्रीमंत बाईच्या गळ्यांत दिसतात. घराण्याच्या अब्रूसाठीं मोती खोटे, आणि बाजारांत मात्र खरे! कुलाभिमानाच्या दुटप्पीपणावर याहून नेमकें बोट क्वचितच कोणीं ठेवलें असेल.

या सर्वांत आमच्या विषयाला अगदीं भिडणारी कृति म्हणजे रवींद्रनाथांची १८९८ मधील 'मणिहारा' ही कथा. सत्यजित राय यांनीं १९६१ च्या 'तीन कन्या' या चित्रपटांत ती पडद्यावर आणली. पडक्या घाटावर बसलेल्या एका परक्या गृहस्थाला गांवचा शाळामास्तर समोरच्या ओसाड वाड्याची हकीकत सांगतो. धनिक फणिभूषणाची बायको मणिमालिका निपुत्रिक. तिचा सारा जीव दागिन्यांत. व्यापारांत अडचण येऊन नवऱ्याला पैशाची गरज पडते. तो दागिने मागतो, पण जोर करूं शकत नाहीं. तो बाहेरगांवीं गेला असतां ती सर्व दागिने अंगावर चढवून मधुसूदन नांवाच्या आपल्या एका नातलगाबरोबर होडींतून निघून जाते, आणि पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. पुढें एके रात्रीं दागिन्यांनीं मढलेला एक सांगाडा घाटाच्या पायऱ्या चढून वाड्यांत येतो.

ही कथा भुताची म्हणून वाचली जाते, आणि तशी ती उत्तम आहेच. पण ती सांगणारा कोण हें विसरूं नये. मास्तराजवळ स्त्रीस्वभावाविषयीं तयार सिद्धांत आहेत. नवरा नव्या शिक्षणानें मऊ झाला, त्यानें धाक दाखविला नाहीं, म्हणून बायको निष्ठुर झाली, असें त्याचें निदान. कथा संपतांच तो परका गृहस्थ सांगतो कीं फणिभूषण हें आपलेंच नांव. मग बायकोचें नांव काय होतें, असें मास्तर विचारतो. उत्तर मिळतें, 'नृत्यकाली'. म्हणजे इतका वेळ ज्या मणिमालिकेच्या स्वभावाचें पृथक्करण चाललें होतें, तिचें साधें नांवही सांगणाऱ्यास ठाऊक नव्हतें. दागिन्यांची कथा सांगतांना त्यानें बाईचें नांवदेखील दागिन्यांच्या पेटींतूनच काढलें! ज्या अबोल स्त्रीजवळ मूल नाहीं, घरांत जिचें म्हणावें असें दुसरें कांहीं नाहीं, ती त्या पेटीला इतकी कां बिलगली, हा प्रश्न मास्तरास पडत नाहीं. तो रवींद्रनाथ वाचकास पाडतात. विद्यार्थ्यांकडून दागिन्यांच्या कथा लिहवून घेणाऱ्या आम्हां मास्तरमंडळींनीं ही कथा अधूनमधून वाचावी हें बरें.

घराण्याची बखर तयार कशी होते हें पाहावयाचें असेल तर प्रेमचंदांची १९३१ मधील 'गबन' ही हिंदी कादंबरी पाहावी. सासऱ्यानें लग्नांत उधारीवर आणलेल्या दागिन्यांचे पैसे फिटत नाहींत. तेव्हां नवराच रात्रीं जालपेची पेटी पळवून बापाच्या स्वाधीन करतो, आणि घरांत चोरी झाल्याचा बोभाटा होतो. हें कुटुंब तसेंच सुखासमाधानानें नांदतें, तर पुढच्या पिढीनें 'आजीचे दागिने चोरीस गेले' असेंच लिहिलें असतें, आणि तें मनापासून खरें मानून लिहिलें असतें. हीच जालपा पुढें, नवऱ्याच्या हातून झालेल्या सरकारी पैशाच्या अफरातफरीची भरपाई करण्यासाठीं, स्वतःच्या खुषीनें आपले दागिने विकते. पहिल्या वेळीं दागिने तिच्याकडून गेले, दुसऱ्या वेळीं तिनें ते दिले. सराफाच्या वहींत या दोहोंची नोंद सारखीच होईल. फरक दाखविणें हें लेखकाचें काम.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, कीं घरगुती आठवणी म्हणजे न्यायसभेंतील साक्ष नव्हे. नातवानें प्रेमानें लिहिलेल्या चार पानांत वडिलांचे दोष उकरून काढण्याचा आग्रह कां? ज्या आजीनें उभ्या जन्मांत तक्रार केली नाहीं, तिच्या वतीनें आतां तक्रार करणारे आपण कोण? या आक्षेपांत तथ्य आहे. अनेक स्त्रियांनीं आपले दागिने खरोखरीच आनंदानें दिले आहेत, आणि प्रत्येक मोडलेल्या पाटलीमागें अन्याय शोधणें हाही एक सांचाच होईल. परंतु तिनें आनंदानें दिले असतील, तर तेंही लिहिलें पाहिजे. कारण मग तें तिचें दान आहे, घराण्याची अडचण नव्हे. कर्ता गाळलेल्या वाक्यांत जसा नवऱ्याचा दोष झांकतो, तसें बायकोचें औदार्यही झांकून जातें. आमचा आग्रह दोष काढण्याविषयीं नसून कर्ता लिहिण्याविषयीं आहे.

शिवाय ही साक्ष न्यायसभेची नव्हे हें म्हणणेंही पुरतें खरें नाहीं. दुष्काळ, धर्मकार्य, आजार व बंदिवास या प्रसंगीं नवऱ्यानें घेतलेलें स्त्रीधन परत करण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. आणि अन्य कारणानें घेतलेलें त्यानें परत केलें पाहिजे असें मिताक्षरेंत विज्ञानेश्वर स्पष्ट करतो. म्हणजे त्या जुन्या धर्मशास्त्रासही कारण कोणतें हें जाणून घ्यावेंसें वाटलें होतें. आमच्या लेखांतील 'अडचणीच्या काळांत' या दोन शब्दांनीं नेमकें तेंच पुसून टाकलें जातें. १९८५ सालीं प्रतिभा राणी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं स्त्रीधन हें पत्नीच्या पूर्ण मालकीचें असून तें सासरीं नेलें म्हणून नवराबायकोच्या सामाईक मालकीचें होत नाहीं. तें नवऱ्याच्या ताब्यांत असलें तर तो फार तर त्याचा राखणदार. कायदा इतका स्पष्ट आहे. परंतु कोणता दागिना माहेरचा, कोणता सासरचा, कोणीं कोणाला कधीं दिला, हें जर घराच्या आठवणींतच धूसर राहिलें, तर त्या कायद्याचा आधार ऐन वेळीं कोणत्या स्त्रीला घेतां येईल? 'आमच्या घराण्याचे दागिने' हा शब्दप्रयोग ऐकावयास गोड आहे. त्या गोडव्यांत एखादीची मालकी विरघळून जात नाहीं ना, एवढें पाहिलें पाहिजे.

तात्पर्य, दागिन्यांच्या हकीकती अवश्य लिहाव्या, पण त्या लिहितांना कांहीं पथ्यें पाळावीं. दागिना जिच्या अंगावर होता तिचें नांव, माहेरच्या नांवासह, प्रथम लिहावें. तो आला कसा याबरोबर गेला कसा, हेंही तितक्याच विस्तारानें लिहावें. आणि 'मोडला', 'विकला गेला', 'द्यावा लागला' या क्रियापदांपाशीं थांबून कर्ता कोण हें स्वतःस विचारावें. तो माहीत नसेल तर घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावा, आणि त्या सांगतील तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. पेटींत शिल्लक राहिलेल्या दागिन्यांइतकेच न राहिलेले दागिनेही घराण्याचे आहेत. त्यांची यादी देतां येण्याजोग्या स्त्रिया अनेक घरांत आज नव्वदीच्या घरांत आहेत, आणि बहुधा त्यांना ती तोळ्यामाशांसकट पाठ आहे. वहीपेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावयाचें असेल तर तें काम पुढच्या सुटीवर ढकलूं नये.